गार्डपाशी दिसलेली रेघ

"तडा आहे की नाही, एवढंच सांग," डेबी फोनवर म्हणत होती. "हॉलमध्ये दोन गट पडलेत. माझ्या हातात माइक आहे आणि बोलायला काही नाही."

शनिवारची दुपार होती. फ्लॅट बुश भागातल्या घरून सासूबाईंना घेऊन मी भाजी-किराण्यासाठी निघाले होते आणि मोटरवेवर होते. त्या वीकेंडला मी ऑन कॉल होते, त्यामुळे कंपनीची व्हॅन माझ्याकडेच होती आणि मागे टेस्टिंगचं सगळं सामान होतं. डेबीला हे ठाऊक होतं. ती पेनरोजच्या एका कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर आहे आणि तिच्या टाक्या मीच तपासते. पण हा फोन टाकीबद्दल नव्हता.

"कशाला तडा?"

"चाकूला. आमच्या शोमधल्या."

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंना इंग्रजी बेताचं कळतं, पण 'नाइफ' शब्द त्यांनी बरोबर पकडला. "अगं मेधा, कुणाला लागला चाकू?"

"कुणाला नाही, आई. चाकूलाच काहीतरी झालंय."

"मग एवढी काय घाबरलीये ती?"

ते मलाही कळायचं होतं. मी पुढच्या एक्झिटला वळले.

माझं काम नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगचं. एनडीटी म्हणतात त्याला. वस्तू न कापता, न तोडता तिच्यात दोष आहे का ते शोधायचं. पोट न फाडता सोनोग्राफी करतात, तसंच. पुण्यात मेटलर्जी शिकले आणि इथे येऊन क्रेनचे हुक, बॉयलर, दूध पावडरच्या कारखान्यांतले भलेमोठे ड्रायर तपासत बसले. माझ्या कामात कुणी रडत नाही, टाळ्या वाजवत नाही. रिपोर्ट जातो, वेल्डर शिव्या घालतो, दुरुस्ती होते. चाकू मी त्याआधी फक्त स्वयंपाकघरात हाताळले होते.

हॉल एका रोइंग क्लबचा होता. आत टेबलांवर काळं कापड आणि त्यावर चाकू. प्रत्येक चाकूमागे तो बनवणारा माणूस. डेबीने मला दारातच गाठलं आणि चालता चालता सगळं सांगितलं.

डेबी ज्यांच्यासोबत भरवते, तो हा चाकूंचा इन्व्हिटेशनल शो होता. म्हणजे इथे टेबल भाड्याने मिळत नाही, आमंत्रण यावं लागतं. देशातले आणि बाहेरचे मोजके कारागीर बोलावतात. एकेक चाकू करायला कित्येक महिने जातात. विकत घेणारे म्हणजे संग्राहक, आणि संग्राहकांसाठी खरेदी करणारे डीलर. हे चाकू कुणी वापरत नाही. काचेच्या कपाटात ठेवतात, काढून बघतात, परत ठेवतात. एकाच चाकूवर अनेकांचा डोळा असतो, म्हणून भांडण नको यासाठी चिठ्ठ्या टाकतात. चाकूपुढे एक छोटी पेटी असते, हवा असेल त्याने नावाची चिठ्ठी टाकायची. ठरल्या वेळी चिठ्ठी काढतात. पहिलं नाव येईल त्याला विकत घ्यायचा हक्क. त्याने नको म्हटलं तर दुसरं नाव.

"रॉसच्या चाकूला सगळ्यात जास्त चिठ्ठ्या होत्या," डेबी म्हणाली. "पहिलं नाव जूडिथचं आलं. दुसरं व्हिन्सेंटचं. जूडिथ पैसे भरायला निघाली आणि व्हिन्सेंटने तिला थांबवून सगळ्यांसमोर सांगितलं की पात्याला तडा आहे."

"दुसरं नाव ज्याचं, त्यानेच?"

"म्हणून तर दोन गट पडलेत."

मला पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. जूडिथने नाही म्हटलं की चाकू व्हिन्सेंटला मिळणार. चतुर माणूस, असं मी मनात म्हटलं आणि लगेच स्वतःला आवरलं. हातात यंत्र घ्यायच्या आधीच निकाल ठरवला तर यंत्राची गरज काय?

रॉस पामर्स्टन नॉर्थजवळ राहणारा, साठी उलटलेला, उंच आणि वाकलेला माणूस. एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर उपकरणं बनवली आणि निवृत्तीनंतर घरामागे भट्टी टाकली. या शोचं आमंत्रण त्याला पहिल्यांदाच आलं होतं. तो टेबलामागे खुर्चीत बसला होता आणि चाकूकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"कीया ओरा," मी इथल्या पद्धतीने नमस्कार केला. "मी मेधा. मी बघू का?"

त्याने नुसती मान हलवली.

मी हातमोजे घालून चाकू उचलला. खरं सांगायचं तर पहिलं अर्धं मिनिट मी तडाबिडा विसरले. दोन प्रकारचं पोलाद थरावर थर ठेवून, तापवून, घणाने ठोकून एकजीव केलेलं होतं. मग ते पुन्हा दुमडून, पिळून, परत ठोकलेलं. शेवटी पातं ॲसिडमध्ये बुडवतात. एक पोलाद काळं पडतं, दुसरं चकचकीत राहतं, आणि थर नक्षीसारखे दिसू लागतात. रॉसच्या पात्यावरची नक्षी ओहोटीनंतर किनाऱ्यावरच्या वाळूला पडतात तशा वळ्यांची होती. मूठ स्वॅम्प कौरीची. हजारो वर्षं दलदलीत गाडलं गेलेलं कौरी या इथल्या झाडाचं लाकूड, मधाच्या रंगाचं. पातं आणि मूठ यांच्यामध्ये धातूची आडवी पट्टी, तिला गार्ड म्हणतात.

आणि गार्डपासून टोकाच्या दिशेने, नक्षीला छेदून गेलेली, बोटाच्या पेराएवढी एक बारीक काळी रेघ.

भिंगातून पाहिली. रेघ सरळ होती, काळी होती, आणि मला ती आवडली नाही.

"तीन शक्यता आहेत," मी रॉसला म्हटलं. "थरांमधला सांधा नीट जुळला नाही. किंवा पाणी पाजताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करताना, ते चिरलं. किंवा दोन्ही नाही, फक्त वरवरचा डाग आहे."

"मी ती रेघ पाहिली होती," रॉस म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता. "मला ती नक्षीचाच भाग वाटली. महिनोन् महिने एकाच गोष्टीकडे बघितलं की पुढे दिसेनाशी होते."

तेवढ्यात जूडिथ आली. वेलिंग्टनची, निवृत्त भूलतज्ज्ञ, कापलेले पांढरे केस, गळ्यात चष्मा. तिच्या मागे दोन पावलांवर व्हिन्सेंट. मेलबर्नचा डीलर, इस्त्रीचा कोट, हात खिशात.

"मला हा चाकू हवाय," जूडिथ स्पष्ट म्हणाली. "पण मोडका नकोय."

"मी मोडका म्हणालो नाही," व्हिन्सेंट म्हणाला. "मी म्हणालो, पैसे भरण्याआधी कुणाला तरी दाखव."

रॉसने पहिल्यांदाच मान वर केली. "आणि तिने नाही म्हटलं की तू घेणार."

व्हिन्सेंट लाल झाला, पण आवाज चढवला नाही. "तडा आहे असं मीच सगळ्यांसमोर म्हटल्यावर तो चाकू मी कुणाला विकणार, रॉस? मी विकलेलं एक पातं एकदा गिऱ्हाइकाच्या हातात दुभंगलं होतं. बनवणाऱ्याने त्यानंतर भट्टी पेटवली नाही. मला ते परत बघायचं नाहीये."

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. डेबीच्याही नसावा. तिने माइक खाली ठेवला.

मी आधी एडी करंट करून पाहिलं. पेनाएवढा प्रोब धातूवर फिरवायचा, आत विजेचे सूक्ष्म भोवरे तयार होतात, मध्ये तडा आला की भोवरे अडतात आणि स्क्रीनवरचा ठिपका उडी मारतो. कोरडं काम, डाग पडत नाही, म्हणून पहिली पसंती त्याला. रेघेवरून प्रोब नेला. ठिपक्याने टुणकन उडी मारली.

रॉसने डोळे मिटले.

"थांबा," मी म्हटलं आणि प्रोब पात्याच्या दुसऱ्या टोकाकडे नेला, जिथे कुणालाच शंका नव्हती. तिथेही उडी. अजून पुढे, परत उडी. दोन वेगळ्या पोलादांचे थर आलटून पालटून येत होते आणि प्रत्येक थराला यंत्र दचकत होतं. विमानाच्या एकाच धातूच्या भागावर हे यंत्र सोन्यासारखं काम करतं. इथे त्याचं काही चालणार नव्हतं. मी ते बंद करून पेटीत ठेवलं.

"म्हणजे?" जूडिथने विचारलं.

"म्हणजे याच्याने काहीच कळलं नाही. आता डाय पेनेट्रंट करावं लागेल."

ही पद्धत समजायला अगदी सोपी आहे. धातूवर पातळ लाल डाय, म्हणजे रंग, फवारायचा. तडा असेल तर डाय त्यात शिरतो. मग वरचा डाय पुसून टाकायचा आणि पांढरी पावडर फवारायची, तिला डेव्हलपर म्हणतात. तड्यात लपलेला डाय पावडरीत झिरपून वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

अडचण दुसरीच होती. प्रत्येक चाकूला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. तड्यात तेल बसलेलं असेल तर डाय आत जाणार नाही आणि सगळं छान आहे असा खोटा निकाल येईल. म्हणून आधी तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने पातं अगदी कोरडं करावं लागतं. आणि सॉल्व्हंट किंवा लाल डाय त्या कौरीच्या मुठीला लागला तर मूठ कायमची गेली. चिकटपट्टी लावून झाकता आली असती, पण गार्डच्या फटीतून डाय आत झिरपला असता. शिवाय तडा असलाच तर तो गार्डच्या खालीच सुरू होत असणार. तेच झाकून ठेवलं तर तपासणार काय?

"मूठ काढता येते का?" मी विचारलं.

रॉसने चाकू हातात घेतला. "येते," तो म्हणाला. "मागे एक नट आहे. पण गार्ड मी केसाएवढीही फट न ठेवता घासून बसवलाय. त्यालाच जास्त दिवस लागले. एकदा काढला की परत तसाच बसेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

चाकू अजून विकलेला नव्हता, म्हणजे रॉसचाच होता. खोलायचा की नाही, हे फक्त तोच ठरवू शकत होता. न खोलता घरी नेला असता तर कुणी अडवलं नसतं. पण मग त्याच्या नावामागे ती रेघ कायमची लागली असती. या लोकांचं जग लहान आहे. पुढच्या आमंत्रणांची यादी करणारे निम्मे लोक तिथेच उभे होते.

जूडिथ खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "रॉस, मी एक सांगते. पातं चांगलं निघालं आणि गार्डला फट राहिली, तरी मी घेईन. ती फट कशाने आली ते मला माहीत असेल."

रॉसने खिशातून एक छोटा पाना काढला. "चला," तो म्हणाला.

सॉल्व्हंटचा वास हॉलमध्ये नको, म्हणून आम्ही मागच्या बाजूला, नावा ठेवतात त्या शेडमध्ये गेलो. दार उघडं, हवा खेळती. बघ्यांना डेबीने आतच थांबवलं. रॉस, जूडिथ, व्हिन्सेंट, डेबी आणि मी, एवढेच. आणि सासूबाई, ज्यांना कुणी थांबवण्याची हिंमत केली नाही. त्यांनी रॉसकडे एकदा पाहिलं, माझ्या व्हॅनमधून घडीची खुर्ची आणून त्याच्यामागे ठेवली, आणि पर्समधल्या डब्यातून एक लाडू काढून त्याच्यापुढे धरला.

"ईट," त्या म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही याने, मेधा."

रॉसने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "घ्या," मी म्हटलं. "नाही म्हणून उपयोग नाही."

त्याने एका हाताने लाडू खाल्ला, मग हात पुसून नट सैल केला. मूठ हळूच निघाली. गार्ड निघायला वेळ लागला. लाकडी ठोकळा ठेवून तो चारही बाजूंनी थोडं थोडं ठोकत होता, एका वेळी कागदाच्या जाडीएवढं सरकवत होता. शेवटी गार्ड त्याच्या तळहातात आला.

मी भिंग लावलं.

रेघ गार्डखाली जवळजवळ गेलीच नव्हती. कडेच्या किंचित आत येऊन एकदम थांबली होती. मुठीच्या आत जाणारा पात्याचा भाग, टँग म्हणतात तो, तिथे स्वच्छ होता. पाणी पाजताना पडलेला तडा सहसा अशा कोपऱ्यात, जिथे रुंद पातं अरुंद होतं, तिथेच जन्मतो आणि पुढे पळतो. हा तर कोपऱ्याला शिवलाही नव्हता. पण भिंगाने बघून मी कुणाला सर्टिफिकेट देत नाही.

पातं दोनदा सॉल्व्हंटने धुतलं आणि वाळू दिलं. काळी रेघ जरा फिकी झाली, पुसली गेली नाही. पेटीतून मी एक छोटा धातूचा तुकडा काढून शेजारी ठेवला. त्यात मुद्दाम केलेला तडा असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण आहे हे आम्हाला माहीत असतं. केमिकल नीट चालतंय का, हे तो सांगतो. दोन्हींवर लाल डाय फवारला आणि थांबले.

हा थांबण्याचा वेळ फार वाईट. डायला आत शिरायला अवधी द्यावाच लागतो, आणि तेवढ्या वेळात करण्यासारखं काही नसतं. नावेवर टेकून उभा असलेला व्हिन्सेंट हलक्या आवाजात म्हणाला, "मी चुकलेलो असलो तर बरं होईल." सासूबाईंनी त्यालाही लाडू दिला.

मग पुसणं. इथे नवशिके चुकतात. सॉल्व्हंट थेट फवारलं तर तड्यातला डायही धुऊन निघतो. फडक्याला किंचित ओल लावून, एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसायचं. त्यानंतर डेव्हलपर. पातं आणि तुकडा दोन्ही खडूसारखे पांढरे झाले.

तुकड्यावर काही सेकंदांत लालभडक रेघ उमटली. पात्यावर मात्र सगळीकडे फिकट गुलाबी झाक आली. रॉस उठून उभा राहिला.

"घाबरू नका," मी म्हटलं. "ॲसिडने तुमच्या नक्षीला खोलगट वळ्या पडल्यात. त्यांत थोडा डाय अडकतोच. ही झाक येणार हे मला माहीत होतं. मी रेघ शोधतेय."

आम्ही सगळे ओणवून बघत होतो. गुलाबी झाक तशीच राहिली. जिथे ती काळी रेघ होती, तिथे लाल काही नव्हतं. बाजूला जेवढा गुलाबी, तेवढाच तिथेही.

"नाहीये?" जूडिथने विचारलं.

"रेघेच्या जागी तडा दिसत नाही. पण वेळ अजून पूर्ण..."

माझं वाक्य संपायच्या आत डेबी पळाली. आतून माइकचा खरखराट आला आणि मग टाळ्या. एवढ्या टाळ्या मी माझ्या कामासाठी कधी ऐकल्या नव्हत्या. रॉस मटकन खुर्चीत बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला.

मी पात्याकडे बघत होते. डेव्हलपरला त्याची वेळ द्यायची असते, उशिरा येणाऱ्या गोष्टीही असतात. आणि तेव्हाच टँगवर, मुठीच्या आत लपणाऱ्या भागात, गुळगुळीत पांढऱ्यावर एक लाल ठिपका उमटला. मोहरीपेक्षा लहान. मी पाहत असताना तो किंचित मोठा झाला आणि थांबला.

आतमध्ये लोक टाळ्या वाजवत होते. मला कुणी टँगबद्दल विचारलं नव्हतं. मूठ बसली की हा भाग पुन्हा कुणाला दिसणार नव्हता. मी पावडर पुसली असती तर शेडमधल्या कुणालाच कळलं नसतं. हे मी इतक्या स्पष्टपणे सांगते कारण तो विचार आला होता. टाळ्या चालू असताना असे विचार येतात. पण माझ्या कामात दिसलेलं न दिसल्यासारखं करायची सोय नाही. एकदा केलं की पुढचा प्रत्येक रिपोर्ट नुसता कागद.

"रॉस," मी म्हटलं. "रेघ साफ आहे, ते नक्की. तुमच्या पात्याला तडा नाही. आता हे बघा."

त्याने भिंग घेतलं आणि बराच वेळ बघितलं. व्हिन्सेंट पुढे आला आणि दोन पावलांवर थांबला.

"छिद्र आहे," रॉस म्हणाला. "ठोकताना थरांत कुठेतरी बुडबुडा राहिला." त्याचा आवाज आता घोगरा नव्हता. दोष नेमका कुठे आहे ते कळलं की कारागिराला बरं वाटत असावं. "वाढेल का हे?"

"गोल आहे. तडा लांबट असतो, त्याच्या टोकाशी ताण साचतो आणि तो पळतो. गोल छिद्राचं तसं नसतं. इथे जोरही कमी येतो, आणि या चाकूने कुणी लाकडं फोडणार नाही. माझ्या मते काही होणार नाही. पण रिपोर्टमध्ये मी 'आहे' असंच लिहीन."

सगळ्यांनी जूडिथकडे पाहिलं. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, ठिपका पाहिला आणि हसायला लागली.

"मेधा, मी आयुष्यभर रिपोर्ट वाचलेत. एका गोष्टीसाठी पेशंटला स्कॅनमध्ये घालायचं, ती नसते, आणि भलतंच काहीतरी बारीकसं सापडतं. आमच्याकडे त्याला इन्सिडेंटल फाइंडिंग म्हणतात. माझ्या स्वतःच्या मूत्रपिंडात एक आहे. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं मजेत आहोत."

"म्हणजे तुम्ही घेणार?" रॉसने विचारलं.

"आधी परत जोडून तर दाखव."

ती काळी रेघ कशाची, हे रॉसनेच शोधलं. पातं ॲसिडमध्ये टाकताना टँगला ॲसिड लागू नये म्हणून तो तिथे वार्निश लावतो आणि पातं टोक खाली करून टांगतो. बाहेर काढल्यावर वार्निशच्या कडेला अडकलेला एक थेंब टोकाकडे ओघळला असणार. तो ओघळला तिथे ॲसिडने पोलाद जरा जास्त खाल्लं. म्हणून रेघ सरळ, म्हणून ती नक्षीला छेदून गेलेली, आणि म्हणूनच गार्डच्या किंचित आत एकदम सुरू झालेली. वार्निशची कड तिथेच होती.

"ओघळ," व्हिन्सेंट म्हणाला. त्याने खिशातून हात काढला आणि रॉसपुढे केला. "आय ॲम सॉरी, मेट."

रॉसने तो धरला. "तू दाखवलं नसतंस तर मीही टँग बघितला नसता. पुढच्या वेळी तो कोपरा जास्त तापवीन."

मी सगळं धुऊन, पुसून पातं त्याच्या स्वाधीन केलं. माझं काम संपलं होतं, पण कुणी हललं नाही. गार्ड बसायचा होता. रॉसने तो टँगवरून सरकवला आणि लाकडी ठोकळ्याने पुन्हा तेच, चारही बाजूंनी थोडं थोडं. शेवटच्या ठोक्याचा आवाज वेगळा आला, भरीव. मग मूठ, मग नट.

"कुणाकडे टॉर्च आहे?" त्याने विचारलं.

व्हिन्सेंटने फोनचा टॉर्च लावला आणि गार्डच्या मागे धरला. फट असती तर उजेडाची रेष दिसली असती. आम्ही एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. जूडिथने तर चष्मा काढून आणि घालून, दोन्ही प्रकारे पाहिलं.

अंधार. कुठेच उजेड नाही.

"स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, असं रॉस म्हणाला आणि खुर्चीत बसून पहिल्यांदा मनापासून हसला. सासूबाईंना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी डबा पुन्हा पुढे केला.

जूडिथने चाकू घेतला. टँगवरच्या ठिपक्याचा फोटो मी रिपोर्टमध्ये जोडून दिला आणि तिने तो चाकूच्या पेटीत ठेवायचा म्हणून मुद्दाम जास्तीची प्रत मागितली. व्हिन्सेंटने रॉसला आपल्या मेलबर्नच्या गिऱ्हाइकासाठी एक चाकू बनवायला सांगितलं. डेबीने पुन्हा माइक घेऊन खरा, पूर्ण निकाल सांगितला. टाळ्या पहिल्यापेक्षा जरा कमी आल्या, पण आल्या.

परतताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "एवढा सुंदर चाकू, आणि ती बाई त्याने साधी काकडीही चिरणार नाही?"

"नाही, आई."

"मग तडा असता तरी काय बिघडलं असतं?"

तो प्रश्न तसा वाईट नव्हता. मला फक्त एवढंच माहीत होतं की शेडमध्ये रॉसचा चेहरा पाहिल्यावर मी तो विचारला नसता.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकले, आणि दोन्ही आता ऑफिसमधल्या नव्या मुलांना सांगते. विचारलेल्याचं उत्तर आधी द्यावं, न विचारलेलं मग सांगावं. उलट केलं तर पहिलं कुणी ऐकत नाही. आणि डेव्हलपरची वेळ पूर्ण होईपर्यंत क्लायंटच्या हातात माइक देऊ नये.